उशी धुवायची कशी, एवढंच विचारायचं होतं

तीर्थरूप ताईच्या पायांशी,

धाकटीचा एका हाताने नमस्कार. (दुसऱ्या हातावर बाईसाहेब आहेत. गेल्या अडीच महिन्यांत माझे दोन्ही हात एकमेकांना फक्त आंघोळीच्या वेळी भेटतात, आणि तेव्हाही बाहेरून हाका चालू असतात. तेव्हा नमस्कार अर्धा दिसला तरी पूर्ण समजावा.) तुझी मान कशी आहे? मशीनवर वाकून शिवू नकोस म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, ते तू ऐकलं नसशीलच. भावोजींचा गुडघा? तिन्ही भाचरं नीट जेवतात ना? मोठीने केस कापले असं ऐकलं. कोणाकडून ऐकलं ते विचारू नकोस. तू फोन उचलत नाहीस म्हणून मला जग थोडंच तोडता येतं. तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा भावोजींनी उचलला आणि ‘ती मशीनवर आहे’ असं सांगितलं. एकदा तर रात्री साडेदहाला सांगितलं. बिचाऱ्यांना खोटं बोलता येत नाही, मागून तुझा खोकल्याचा आवाज येत होता.

तर पत्रास कारण की, तू शिवून दिलेली लांब उशी. तुझ्या दुकानातल्या चिंध्या आणि कातरण भरून केलेली, निळ्या चौकड्यांची. तिच्यावर बाईसाहेबांनी दूध ओकलं आहे, एकदा नाही, बरेचदा. ती सगळीच्या सगळी धुवायची की उसवून आतली कातरणं वेगळी वाळवायची, एवढंच विचारायचं होतं. बाकी इकडे सर्व ठीक. त्या दिवशी जे काही झालं त्याबद्दल हे पत्र नाही, हे आधीच सांगून ठेवते. तू बाळंतपणाच्या बाविसाव्या दिवशी चहा अर्धा टाकून पिशवी उचललीस आणि गेलीस, त्याला आज पंचावन्न दिवस झाले. (मी मोजत बसलेले नाही. कॅलेंडर समोरच आहे.)

आणि खरं सांगायचं तर माझं काय चुकलं होतं? मी एक तक्ता केला होता. आयुष्याची नऊ वर्षं मी बसस्टँडच्या घोषणा कक्षात काढली, रोज दोनशे गाड्या माझ्या तोंडातून येतात आणि जातात, मग एका पोरीचं वेळापत्रक मला जमू नये? बारा, तीन, सहा. दहा मिनिटं डावीकडे, दहा मिनिटं उजवीकडे, मग ढेकर, मग झोप. किती साधं! तू तो भिंतीवरचा तक्ता वाचलास आणि हसलीस. नुसती हसली असतीस तरी चाललं असतं, पण वर म्हणालीस की बाई गं, ही पोर आहे, गाडी नव्हे, तिला भूक लागेल तेव्हा पाज, आडवी पडून पाज, दिवा लावू नकोस आणि घड्याळाकडे बघू नकोस. घड्याळाकडे बघू नकोस, हे तू मला सांगितलंस! मग मीही बोलले. तुझी तीन पोरं मशीनखाली आपोआप वाढली असतील, माझी नीट वाढायची आहे, आणि या घरात एक आई पुरे आहे, असं काहीसं. (असं काहीसं नाही, हेच. शब्दन् शब्द पाठ आहे.) क्वार्टर्स स्टँडच्या मागेच, त्यामुळे तुझी गाडी सुटल्याची घोषणा मी खिडकीतून ऐकली. माझ्या जागी तिकीट खिडकीवरच्या बाईंना बसवलं आहे, त्या गुपित सांगितल्यासारखी घोषणा करतात. तुझ्या गावाचं नाव त्यांनी इतकं हळू घेतलं की मला वाटलं, तू कदाचित ऐकलंच नसशील आणि परत येशील.

असो. तक्त्याचं पुढे काय झालं ते सांगते, कारण तुला ते ऐकायला आवडेल. बाराची गाडी बाराला आली. तीनची गाडी बारा चाळीसला आली. मग एक पंचवीसला एक जादा, दोनला एक जादा, अडीचला जी आली ती चारपर्यंत फलाट सोडायलाच तयार नाही. दुसऱ्या रात्री मी ठरवलं की वेळेआधी द्यायचं नाही. वीस मिनिटं मी तिला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरवलं, ती रडते आहे, मी घड्याळ बघते आहे, दूध गळून गाऊन ओला होतो आहे, आणि आम्ही दोघी मिळून तीन वाजायची वाट बघतो आहोत! तीन वाजले तेव्हा ती इतकी चिडली होती की तोंडात काही धरेना. धरलं ते असं धरलं की मी बत्तिशी दाबून भिंतीवरचा तक्ताच वाचत बसले, दुसरं वाचायला काही नव्हतं. चिरा पडल्या, ताई. पाजायची वेळ जवळ आली की मला घाम फुटायचा. कोणी सांगितलं नव्हतं की एवढंसं तोंड असं चावू शकतं. (तू सांगितलं होतंस. तोंड मोठं उघडू दे, मग जवळ घे, नुसतं टोक देऊ नकोस, असं. तेव्हा मी तक्त्यावर रेघा मारत होते.)

मग मी खरेदी केली. कमरेला बांधायची गोल उशी आणली, ती बांधली की मी पाण्यात बुडू नये म्हणून टायर घातलेल्या बाईसारखी दिसते. ती घालून दारातून आडवं जावं लागतं. हालचाल झाली की आपोआप लागणारा दिवा आणला. तो माझ्या हालचालीवर लागत नाही, बाईसाहेबांचा डोळा लागला की लागतो. तुझी निळी उशी मी माळ्यावर टाकली होती, तू गेलीस त्याच दिवशी. रागाने नाही, जागा नव्हती. (रागाने.)

आता तुझ्या धाकट्या मेहुण्यांबद्दल. माणूस सोन्यासारखा आहे, तक्रार नाही, पण आगाराच्या वर्कशॉपमध्ये शेजारी इंजिन चालू ठेवून दुपारची झोप काढायची त्यांना वीस वर्षांची सवय. पोरगी रडली की त्यांना उलट जास्त गाढ झोप लागते. त्यांच्याकडे ढेकर काढायचं काम दिलं होतं. एका रात्री ते पंधरा मिनिटं मन लावून थोपटत होते, ढेकर काही येईना, म्हणून मी दिवा लावून बघितलं तर खांद्यावर गोल उशी. पोरगी पाळण्यात. वर मलाच म्हणतात, तरीच म्हटलं एवढी शांत कशी! पण मदत करायची मनापासून इच्छा. माझी एक अडचण होती की, मागच्या वेळी कुठल्या बाजूने पाजलं होतं हे मला आठवायचं नाही. (दिवसाला बारा वेळा कोणाला आठवतं? तुला कसं आठवायचं?) यावर त्यांनी उपाय काढला. ते ब्रेक तपासतात. गाडीची एक बाजू तपासून झाली की तिथे पत्र्याची छोटी लाल पट्टी अडकवतात, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या माणसाला कळतं. तीच पट्टी ते घरी घेऊन आले, सेफ्टी पिन लावून. ज्या बाजूचं पाजून झालं तिथे गाऊनला लावायची. पट्टीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं: ‘ही बाजू झाली’.

खोटं कशाला बोलू, पद्धत उत्तम चालली. चार दिवस. पाचव्या सकाळी दार वाजलं, मी डोळे चोळत उघडलं, तर दारात आगारप्रमुख. माझी रजा पुढच्या महिन्यात संपते आहे, पहिली पाळी घेणार ना, हे विचारायला स्वतः आले होते. तुला माहीत आहे का, या माणसाला दिसेल ते वाचायची सवय आहे? सूचनाफलक, काचेवरचे कागद, बसच्या मागे लिहिलेलं, सगळं ते पुटपुटत वाचतात आणि शुद्धलेखन तपासतात. त्यांनी पट्टी वाचली. पुटपुटत वाचली. मग त्यांची नजर जी छताला लागली ती जिना उतरेपर्यंत खाली आली नाही. रजेचं बोलणं राहूनच गेलं, पंखा चांगला आहे एवढंच म्हणाले. पंखा बंद होता. मी आत येऊन आरशात बघितलं आणि नवऱ्याला उठवलं. त्या दिवशी मात्र ते पहिल्या हाकेत उठले.

मग आठवड्याने दवाखान्यातून परिचारिका घरी आल्या, बाळाचं वजन करायला. मी त्यांना तक्ता दाखवला. म्हटलं, बघा, किती बेशिस्त आहे, वजन नक्कीच घटलं असणार. मला रात्रभर तीच धास्ती होती, ताई. तुला आत्ता सांगते, मी तराजूकडे बघितलंच नाही, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. माझं दूध पुरत नाही, म्हणूनच ती सारखी मागते, असं मला वाटत होतं आणि हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. परिचारिका म्हणाल्या, छान वाढते आहे, अगदी हवं तेवढं. रात्री पोरं जास्त मागतात, मागतात म्हणूनच दूध जास्त येतं, अंगानं वाढायला लागली की दोन-चार दिवस अखंड चिकटून राहतात. मग म्हणाल्या, हा तक्ता काढा. भूक लागेल तेव्हा पाजा. कुशीवर आडव्या पडून पाजा, पाठीशी काहीतरी टेकायला घ्या, तिच्या बाजूला मात्र उशी-पांघरूण ठेवू नका. दिवा लावू नका. घड्याळाकडे बघू नका. ताई, एकूण एक वाक्य तुझं! तोच क्रम! त्यांनी पांढरा कोट घातला होता म्हणून मी मान डोलावून ऐकलं. कोट घालून आली असतीस तर आपलं भांडण झालं नसतं. (या वाक्याचा राग येईल. पण तसं ते खरंच आहे.)

त्या गेल्यावर मी माळ्यावरून निळी उशी काढली. झटकली. तिला अजून तुझ्या दुकानाचा वास येतो, मशीनच्या तेलाचा आणि मार्किंगच्या खडूचा. एका कोपऱ्यातून माझ्या शाळेच्या गणवेशाचा तुकडा बाहेर आला होता. तू तो अजून ठेवला होतास, हे मला माहीत नव्हतं. मी तिच्यात तोंड खुपसून थोडा वेळ रडले. (झोप कमी झाली की डोळ्यांना पाणी येतं, परिचारिकांनी सांगितलं आहे.) त्या रात्री ती पाठीशी घेतली, कुशीवर झाले, दिवा बंद, घड्याळ उलटं. बाईसाहेबांनी दोनदा तोंड लावलं, दोनदा सोडून किंचाळल्या. गाणं म्हणावं तर मला गाता येत नाही, तुला माहीत आहे, शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. कधी डोळा लागला कळलं नाही. जाग आली ती माझ्याच आवाजाने. मी घोषणा करत होते. अगदी व्यवस्थित, कामावर करते तशी. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, अमुक ठिकाणाहून येणारी गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक सहावर येत आहे. (कुठली गाडी ते महत्त्वाचं नाही. होती एक.) आणि बघते तर काय, बाईसाहेब डोळे मिटून शांतपणे पीत आहेत! मी थांबले, त्या थांबल्या आणि तोंड वाकडं केलं. मी पुन्हा पुकारलं, त्या पुन्हा प्यायला लागल्या. नऊ महिने पोटात बसून तिने दुसरं ऐकलंय तरी काय म्हणा. तिला हेच अंगाईगीत. तेव्हापासून रोज रात्री मी घोषणा करते. कधी जागेपणी, बहुतेक वेळा झोपेत.

इथपर्यंत सगळं आमच्या घरातलं होतं. पण माझा पलंग खिडकीशी आहे आणि माझा आवाज, तुला माहीत आहे, माइक बंद पडला तरी शेवटच्या फलाटापर्यंत जातो. आमच्या या इमारतीत झाडून सगळे आगाराचेच लोक. खालच्या मजल्यावर ड्रायव्हरकाका राहतात. अठ्ठावीस वर्षं नोकरी, एकदाही उशीर नाही, दोन वर्षांत निवृत्त होतील. त्या पहिल्या रात्री मी नेमकी त्यांचीच गाडी पुकारली. आता विचार कर, माणूस अंथरुणात आहे आणि कानावर येतंय की त्याची गाडी फलाट सहावर येत आहे. म्हणजे गाडी चालवतंय कोण? काका पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, बनियन आणि डोक्यावर ड्यूटीची टोपी अशा वेशात फलाट सहावर धावले. तिथे झाडूवाल्या मावशी होत्या आणि एक कुत्रा होता. रात्रपाळीचा कंट्रोलर म्हणाला, काका, पहाटेपर्यंत एकही गाडी नाही, घरी जा. काकांनी घरी येऊन बायकोला सांगितलं की स्टँडचा माइक भुताने धरला आहे.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री काका टोपी घालून जिन्यातच बसून राहिले, चोर पकडायला. तोवर बाकीच्यांनाही लागण झाली होती. वरच्या मजल्यावरचे कंडक्टर माझी घोषणा ऐकली की झोपेतच ‘पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा नाही’ म्हणायला लागतात, आणि त्यांची बायको दोन वेळा पलंगावरून खाली पडली. समोरच्या घरातले तिकीट तपासनीस झोपेत उठून स्वतःच्या सासऱ्यांकडे तिकीट मागून आले. सासऱ्यांनी खिशात शोधलं म्हणे. चौथ्या रात्री मी डोळे उघडले तर जिन्यात कुजबुज. दार उघडून बघते तर अर्धी इमारत पायऱ्यांवर बसलेली, आणि माझा नवरा त्यांच्या पाठीमागे पाठमोरा, घोरत. ते बाहेर कधी गेले हे त्यांनाही सांगता आलं नाही.

मी शरमेने अर्धी झाले. सगळे चांगले वागले हो, कंडक्टरांची बायको उलट म्हणाली की पाठीला मुका मार आहे फक्त. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्रायव्हरकाका एकटे वर आले, खुर्चीच्या टोकावर बसले, आणि टोपी हातात फिरवत म्हणाले की आज एक थांबा सुटला. डोळ्यावर झापड होती. एक मास्तरीणबाई हात वर करून उभ्या होत्या, मला दिसल्या त्या आरशात, मागे पडल्यावर. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. ओरडले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, काका, मी खिडकी बंद करून घेईन, तोंडाला फडकं बांधून झोपेन. ते म्हणाले, पोरी, खिडकीचा प्रश्न नाही. तुला कधीपासून सलग तीन तास झोप नाही? सलग तीन तास म्हणजे कसं असतं हेच आठवेना. मग त्यांनी एक गोष्ट सुचवली, ती काय ते इथे लिहीत नाही.

तर हे असं आहे. वाचून तुला वाटेल की मी फार हालात आहे. मुळीच नाही. बाईसाहेब गुटगुटीत आहेत, परवा पिता पिता मध्येच थांबून माझ्याकडे बघून हसल्या, तोंडातलं दूध सगळं माझ्या गळ्यात आणि तुझ्या उशीवर. रात्री तीन वाजता अंधारात कोणीतरी आपल्याकडे बघून असं हसलं की सगळं भरून पावतं, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. बाकी सगळं सांगितलंस, तेवढंच ठेवलंस. चिरा बऱ्या झाल्या. तक्त्याची उलटी बाजू कोरी होती, त्यावरच हे पत्र लिहिते आहे, चार पाजण्यांत मिळून. म्हणून अक्षर दर परिच्छेदाला बदललेलं दिसेल. मला कोणाची गरज आहे असा अर्थ काढू नकोस. तेवढं उशीचं कळव. भावोजींना नमस्कार, भाचरांना पापा. बाईसाहेबांनी तुला ढेकर पाठवला आहे, आत्ताच, स्वतःहून, कोणी न थोपटता.

तुझी,
धाकटी

ता. क. उशीचं उत्तर लिहून पाठवू नकोस. लिहून मला कळणार नाही, शिवणातलं मला काय कळतं. प्रत्यक्ष दाखवावं लागेल. चार-आठ दिवस लागतील दाखवायला. महिनाही लागेल.

ता. क. दुसरा. कामावर असताना मी दिवसातून चाळीस वेळा अख्ख्या स्टँडची माफी मागते. गाडी उशिरा आली, दिलगीर आहोत. फलाट बदलला, दिलगीर आहोत. एकाही वेळी जीभ अडखळत नाही. तुझ्यासाठी हे वाक्य पाच वेळा लिहिलं आणि खोडलं, ते वर खाडाखोड दिसते आहे ना, ते तेच आहे. ताई, मी चुकले. या घरात एक आई पुरत नाही. मला माझी ताई हवी आहे. रात्री दोन तास कोणीतरी तिला मांडीवर घेऊन बसलं, तर मी झोपेन, एवढंच गं.

ता. क. तिसरा. पाकीट मिळालं नाही म्हणून पत्र उघडंच ड्रायव्हरकाकांच्या हाती देते आहे. त्यांची गाडी तुझ्याच गावाला येते. ते वाचणार नाहीत, ते फक्त मैलाचे दगड वाचतात.

ताईसाहेबांस, खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरचा नमस्कार.

पत्र मी वाचलेलं नाही. फक्त शेवटची घडी वाचली, ती वर होती. मग बाकीचं वाचलं. अर्धी चड्डी नव्हती, पायजमा होता. बाकी सगळं खरं आहे, पण पोरीने एक गोष्ट लपवली आहे. माझी गाडी म्हणजे तुमच्या गावची गाडी. ती रोज रात्री दुसरी कुठलीही पुकारत नाही, तीच पुकारते. तुमच्या गावाहून येणारी गाडी थोड्याच वेळात फलाट क्रमांक सहावर येत आहे. मग थोडं थांबते आणि झोपेतच म्हणते, झालेल्या उशिराबद्दल आम्ही दिलगीर आहोत. पहिल्या दोन रात्री मी गाडी शोधायला धावलो. तिसऱ्या रात्री जिन्यात बसून नीट ऐकलं, तेव्हा कळलं की ही गाडीची वाट बघत नाही.

मी तुमच्या दुकानाबाहेर उभा आहे. गाडी चार वाजता परत निघते. माझ्या मागची खिडकीची जागा पिशवी टाकून धरली आहे. मान दुखते तर उशीही ठेवली आहे, कोरी, कोणी न ओकलेली. अठ्ठावीस वर्षांत माझ्या गाडीची खोटी घोषणा झालेली नाही. आजचीही खरी करायची आहे, तेव्हा मशीन बंद करा आणि चला.